मक्याची पिशवी, मागची खोली

२ जुलै ९६, मंगळवार

प्लेट ३८ सुटली. काचेवर ओतून वाळवलेली मक्याची फिल्म, अखंड, चारही कोपऱ्यांसकट. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच. आधीच्या सदतीस एक तर काचेला चिकटून बसल्या, नाहीतर सोलताना फाटल्या. ही हातात घेतली, दुमडली, उलगडली. मोडली नाही. समोर मक्याच्या स्टार्चची पोती, तराजू, भिंतीवरचं घड्याळ. सांगायला कोणी नाही. घड्याळाला सांगितलं.

स्टार्च नेहमीचाच. अ‍ॅसिटिक अनहायड्राइड तेवढंच. मऊपणासाठी घालते ते ग्लिसरीन (पुढे नुसतं ग्लि.) ३० भागांवरून १५ वर आणलं. ३० ला फिल्म बोटाला तेलकट लागत होती. निम्मं केलं आणि जमलं. इतकं सोपं? मग चौदा महिने काय गवत उपटत होते?

५ जुलै, शुक्र.

सुरतेत भेस्तानच्या कारखान्यातून घरी येताना शेअर रिक्षात शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. अनहायड्राइडचा आंबूस वास, साबणानं जात नाही. घरमालकीण केसरमाय पहिलं वर्षभर समजत होती की मी लोणच्याच्या कारखान्यात आहे. लोणचं आणीन म्हणून वाटही बघायची बिचारी.

लॅबच्या दोन्ही खिडक्या दिवसभर उघड्या ठेवते. पावसाचे शिंतोडे येतात, नोंदवही दमट होते, शिपाई कुरकुरतो. कुरकुरू दे. पलीकडच्या लूमच्या शेडमधल्या बाया डबा खायला बाहेर बसतात, अहिराणीत भांडतात, खिदळतात. सगळं नाही कळत, पण घरचं वाटतं. खिडक्या लावल्या की खोलीत मी आणि माझा श्वास. बारा वर्षं झाली ह्या लॅबमध्ये. शेठशी गुजराती, बाकीच्यांशी हिंदी. असे कितीतरी दिवस जातात की मराठी फक्त ह्या वहीत.

१४ जुलै, रवि.

खाली केसरमायच्या मुलाकडे फोन. अमळनेरहून दादा. आई मोरीत घसरून पडली, उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय, काळजीचं नाही म्हणाला. मग दोन मिनिटं हवापाण्याचं बोलला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी आहे. मागची पडवी बंद करून खोली काढतोय. माझ्यासाठी.

"त्रेचाळीस वर्षांची झालीस शैले. कोणासाठी राहतेस तिथे? आता पुरे झालं."

वहिनी शाळेत शिकवते, घर, आई, सगळं तिच्यावर. तिलाही माणूस हवंय. दादाचं चूक नाही, वहिनीचं तर नाहीच. कोणाचं चूक असतं तर भांडता तरी आलं असतं.

संध्याकाळी गच्चीवर तीन कुंड्यांत प्लेट ३८ च्या पट्ट्या पुरल्या. मातीत किती दिवसांत जिरतात ते बघायचंय. केसरमाय जिना चढून धापा टाकत आली. "काय पुरी ऱ्हायनी वं?" म्हटलं, पिशवी. तिनं कुंडीतली माती चिमटीत घेऊन बघितली. मग पाण्याचा तांब्या आणून दिला.

८ ऑगस्ट, गुरु.

आज शेठला दाखवली. शेठ म्हणजे हसमुखभाई. कारखाना मक्याच्या स्टार्चवर प्रक्रिया करून सुताच्या खळीसाठी विकतो. पिशवीचं वेड त्यांनी गेल्या वर्षी परदेशातल्या कुठल्याशा प्रदर्शनातून आणलं. पाकिटातून एक चिंधी काढून माझ्या टेबलावर ठेवली होती: स्टार्चची आहे, मातीत विरघळते, बेन, आपणे आ बनाववुं छे. जणू ढोकळाच बनवायचा होता.

आज प्लेट ४४ त्यांनी दुमडली, चुरगाळली, फुंकर मारली, उजेडात धरून पलीकडचा माझा चेहरा बघितला. मग एकच बोलले, साडीनुं कव्हर. खरंच की. ह्या गावात रोज किती साड्या बांधल्या जातात, प्रत्येकीला एक पारदर्शक कव्हर, आणि गटार उपसलं की गाळाआधी कव्हरंच निघतात.

म्हणाले, जमलं तर मागच्या मोकळ्या जागेत वेगळी शेड, फिल्मचा विभाग, मी मुख्य. नाही जमलं तर? लॅबकडे त्यांनी गोदाम मोजावं तशी नजर फिरवली. खळ तपासायला पगारी केमिस्ट हवीच असं नाही, त्यांचा पुतण्याही तपासेल.

म्हणजे हिशेब सरळ. जमलं तर सुरत. नाहीतर मागची खोली.

२८ ऑगस्ट, बुध.

राखी पोस्टानं गेली. पोचली का ते दादानं कळवलं नाही. कळवत नाहीच कधी.

कुंड्या उकरल्या. पंचेचाळीस दिवस झाले. पहिल्या दोन्हींत काहीच नाही, तिसरीत नखाएवढा बुळबुळीत तुकडा, तो बोटात धरताच गेला. हसू आलं. जगात बाकीचे लोक टिकणारी वस्तू बनवतात, मी न टिकणारी. त्यातही यश यायला चौदा महिने.

केसरमायला बोलावून रिकामी कुंडी दाखवली. ती म्हणाली, काहीच तर नाही. म्हटलं, तेच दाखवायचं होतं. तिनं माझ्याकडे काळजीनं बघितलं आणि रात्रीची भाकरी तिच्याकडेच खायला बसवलं.

२० सप्टें., शुक्र.

रिंग रोडचे एक साडीवाले व्यापारी शेठबरोबर आले. पन्नास कव्हरं बघून खूश. लग्नसराईसाठी दोनशे नमुने द्या म्हणाले, महाग साड्यांना लावून बघू. गेल्यावर शेठनी पेढा दिला. पेढा मी टेबलाशी एकटीनं खाल्ला, ते घाईत होते.

१४ नोव्हें., गुरु. अमळनेर.

भाऊबीज झाली, उद्या निघायचं. आईसाठी साडी आणली होती, माझ्या कव्हरात घालून. मुद्दाम. सुरतेहून निघताना कव्हर कसं मऊसूत होतं. चार दिवस कपाटावर होती. काल आईला दिली.

पडल्यापासून आईला एक खोड लागलीय, घड्या घालायची. टॉवेल, वर्तमानपत्र, दुधाच्या पिशव्या, हाताला येईल ते मांडीवर घेऊन घडी घालते. प्लास्टर निघालं तरी मनगट थरथरतं, तेवढाच व्यायाम म्हणून कोणी अडवत नाही. साडी बाजूला ठेवली आणि कव्हराची घडी घालायला लागली. कडकड. दोन तुकडे, मग चार. आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली, काचेचं काही फोडल्यासारखी. पोरं हसली. दादा म्हणाला, "ह्याच्यासाठी बसलीयस का तिथे?" चिडवायचं म्हणूनच म्हणाला असेल.

गाडीत चेंगरलं असणार. ट्रंकेखाली होतं.

मागची खोली झालीय. पश्चिमेला खिडकी, भिंतीत पुस्तकांसाठी फळ्या. वहिनीनं स्वतः उभं राहून करून घेतल्या. रंग माझ्या आवडीचा द्यायचा म्हणून ठेवलाय. मी छान आहे म्हटलं आणि बाहेर आले. आत थांबवेना.

१८ नोव्हें., सोम.

दिवाळीची सुट्टी संपून कारखाना उघडला. लॅबचं दार उघडते तो काय, एसी! शेठनी सुट्टीत बसवून घेतला. कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, हार, समोर नारळ फोडला. म्हणाले, बेन, परदेशच्या लॅबमध्ये असंच असतं, आता माल त्यांच्यासारखा बनवा. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बारा वर्षांत खुर्ची बदला म्हणून तीनदा अर्ज केलाय.

खिडक्या पुट्टी लावून कायमच्या बंद. लूमच्या बाया आता ओठ हलवतात तेवढं काचेतून दिसतं.

२७ नोव्हें., बुध.

प्लेट ८१ ते ८६. सहाच्या सहा मोडल्या. सुटतात छान, दोन दिवसांनी दुमडायला जावं तर कडकन.

१२ डिसें., गुरु.

अजून मोडताहेत. सगळं तपासलं. मक्याचा नवा लॉट, म्हणून जुनं पोतं शोधून काढलं: तेच. अनहायड्राइडची नवी बाटली: तेच. कॉस्टिक सोडा पुन्हा मोजला. काचा बदलल्या. शिजवण्याचं तापमान दोन अंशांनी वर, दोनानं खाली. नोंदवहीत प्लेट ३८ पासून एकेक ओळ बोटानं वाचली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तीच मी, तेच हात.

हात बदलले असतील, असंही वाटून गेलं. मीठ कमी-जास्त व्हायला लागलं की आई म्हणायची, हाताला चव राहिली नाही. तसं काही.

दिवसभरात कोणाशी बोलले? शिपायाला चहा नको म्हटलं. बास.

१५ जाने. ९७, बुध.

काल उत्तरायण. सगळं सुरत पतंग उडवायला गच्चीवर. केसरमायचे मुलगे, सुना, नातवंडं, माझ्याच डोक्यावर धिंगाणा. वर ये म्हणून धाकटी सून दोनदा सांगून गेली. गेले नाही. वहीत आकडे बघत बसले. संध्याकाळी कोणीतरी दाराशी उंधियूची वाटी ठेवून गेलं, तीही गार झाल्यावर सापडली.

आज व्हायचं ते झालं. साडीवाले आले. सप्टेंबरात मागितलेले नमुने दिवाळीआधी दिले होते, ते त्यांनी त्यांच्या एसी शोरूममध्ये साड्यांना घालून ठेवले होते. पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ओतले. तुकडे. एक मोठासा शेठनी उचलला, दुमडला.

"बेन, आ तो पापड छे."

दोघं हसले. मीही हसले, काय करणार. हात दाखवून अवलक्षण ते हे. ते गेल्यावर तुकडे गोळा करताना बोट कापलं. मक्याच्या पिठानं बोट कापलं, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटेल?

६ फेब्रु., गुरु.

शेठनी बोलावलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं. म्हणाले, नवीन पोत्यांना जागा नाही, लॅब मोठी आहे. मी म्हटलं, थोडी मुदत द्या. बघू, म्हणाले.

रात्री दादाचा फोन. आई आता भिंत धरून चालते. आखाजीला ये, आणि ह्या वेळी परतीचं तिकीट काढू नकोस. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, चार दिवस राहून जातात. मी सासुरवाशीण नाही आणि पाहुणीही नाही. मी यायचं ते राहायलाच.

हो म्हटलं. थकले मी. खरंच थकले.

९ मार्च, रवि.

हे नीट लिहायला हवं.

केसरमायचं वाळवण चाललंय. नागलीचे पापड, गच्चीभर. दुपारी तीनला ऊन तापलेलं, मला वाटलं म्हातारीला मदत करावी. वाळलेले पापड उचलून थेट डब्यात रचायला लागले. पहिले दहा-बाराच रचले असतील. केसरमायनं डबा माझ्या हातातून ओढलाच.

"उनमाईन आनात का लगेच डबामां नही भरानं वं. रातभर पाटीमां हवा खाऊ दे. मंग मोडतस नही."

उन्हातून आणले की लगेच डब्यात भरायचे नाहीत. रात्रभर पाटीत उघडे ठेवायचे, हवा खाऊ द्यायची, मग मोडत नाहीत. मी रचलेल्यांपैकी निम्म्यांचा चुरा झाला होता. तिनं दाखवला.

मी तिथेच कठड्यावर बसले. हवा खातात. हवेतलं पाणी खातात! जुलैत खिडक्या उघड्या, हवा पाण्यानं भिजलेली. ग्लि. मी १५ वर आणलं आणि उरलेल्याची जागा पाण्यानं घेतली, मला न विचारता. फिल्म मऊ राहिली ती माझ्या हातामुळे नव्हे, पावसामुळे. अमळनेरच्या कोरड्या हवेत मोडली. शोरूमच्या एसीत मोडली. माझ्या लॅबमध्ये एसी आल्या दिवसापासून मोडली. तीन वेळा डोळ्यांपुढे झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एम.एस्सी. कसली, ढब्बू मी. नोंदवहीत सगळं लिहिलं, खिडकी लिहिली नाही. कशी लिहिणार? ती कामासाठी थोडीच उघडत होते.

शेठनी पापड म्हटलं तेव्हा अपमान वाटला होता. तेव्हाच पापडवालीला विचारायला हवं होतं. ती तर रोज जिन्यात भेटते.

११ मार्च, मंगळ.

काल एसी बंद. स्क्रू-ड्रायव्हरनं खिडक्यांची पुट्टी खरवडली. शिपाई बघत राहिला. एका फिल्मच्या दोन पट्ट्या: एक खिडकीत, खाली ओलं फडकं ठेवून, दुसरी एसी चालू असलेल्या शेठच्या केबिनमध्ये, त्यांच्या कॅलेंडरमागे. आज खिडकीतली लवते. कॅलेंडरमागची मोडली.

शेठला दोन्ही दाखवल्या. आधी त्यांना कळलंच नाही. मग चेहरा उतरला. एसीला त्यांनी हार घातला होता ना. "तो मारा एसीए कर्युं?" मी म्हटलं नाही शेठ, माझ्याच नोंदीनं. मग त्यांनी जे विचारलं ते बरोबरच होतं. आपल्या साड्या कुठे जातात? जोधपूर, दिल्ली, नागपूर. तिथे दुकानदार काय पाणी शिंपडत बसणार?

ग्लि. वाढवलं तर पावसाळ्यात तेलकट. कमी केलं तर उन्हाळ्यात पापड. मला एकच फिल्म हवी, दोन्हींत टिकणारी.

मुदत मिळाली. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात चार दिवस टिकवून दाखवा, नाहीतर १५ मेपासून लॅबमध्ये पोती. मी म्हटलं, त्यासाठी जोधपूरला जायला नको. आमच्या अमळनेरचा मे पुरे आहे.

बोलून गेले आणि मग लक्षात आलं काय बोलले ते. परीक्षा मागच्या खोलीतच.

दुपारी बायांचे आवाज आले. त्यातल्या एकीनं खिडकीतून विचारलं, ताई, बरं नव्हतं का, खिडकी बंद होती इतके दिवस? चार महिन्यांत हे विचारणारी ती पहिली. नाव विचारायचं राहून गेलं.

२६ मार्च, बुध.

धुळवडीच्या सुट्टीनंतर पुन्हा कामाला. उत्तर गोदामातच पडलं होतं. पीव्हीए, खळीत घालतात ती पांढरी पावडर. बारा वर्षं तपासतेय. पाण्यात विरघळते, चिवट फिल्म देते. आजवर हात लावला नाही कारण ती मक्याची नाही, कारखान्यात बनते. माझं आपलं सोवळं. आज सोवळं मोडलं. २० भाग पीव्हीए, ग्लि. २२.

प्लेट ११२. केबिनमध्ये कॅलेंडरमागे लावलीय. शेठनी तिच्यासाठी कॅलेंडर थोडं वर सरकवलं.

तिच्याच दोन पट्ट्या कुंड्यांत पुरल्या. आता हा नवा घोर. चिवट झाली तर मातीत जिरेल का? टिकते आणि जिरत नाही, मग तिच्यात आणि साध्या प्लास्टिकमध्ये काय फरक राहिला? पंचेचाळीस दिवस म्हणजे १० मे.

५ एप्रिल, शनि.

११२ दहाव्या दिवशीही लवते. एसीत! शेठनी स्वतः दुमडून बघितली. ह्या वेळी पापड म्हणाले नाहीत.

मला आनंद व्हायला हवा. झालाही, साधारण अर्धा तास. मग डबा उघडला, पोळी खाल्ली, डबा धुतला. फोन करावा असं एकही माणूस आठवेना जे "एकशे बारा मोडली नाही" ह्याचा अर्थ समजेल. प्लेटच समोर ठेवून खाल्लं. वेड्यासारखं वाटतं लिहिताना, पण खाल्लं.

५ मे, सोम.

उद्या निघते. दादाला सांगितल्याप्रमाणे परतीचं तिकीट काढलेलं नाही. ट्रंकेत कपडे किती घ्यावेत कळेना. चार दिवसांचे भरले, मग काढले, मग सगळे भरले, मग पुन्हा चार दिवसांचे. शेवटी चार दिवसांचे आणि दोन जाड पुस्तकं, म्हणजे काहीच ठरवलं नाही असं झालं.

केसरमायला किल्ली दिली. दहा तारखेला कुंडी उकरून बघ, काही दिसलं तर खाली फोन आहे त्यावरून कळव, नंबर लिहून दिला. ती म्हणाली, आणि नाही दिसलं तर? म्हटलं, नाही दिसलं तरी कळव.

मग सगळं सांगितलं तिला. खोलीचं, दादाचं, पोत्यांचं. जिन्यातच. इतकं मी गेल्या बारा वर्षांत कोणाशी बोलले नसेन. ती पायरीवर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, आखाजीला बाई जाते ती माहेरीच. "तुले सासर नही ना? मंग सुरतलेच सासर समज." सासर आहे तर परत यावंच लागतं, असं तिचं म्हणणं. इतकं सोपं असतं तर. पण गाडीत बसेपर्यंत तेच डोक्यात घोळणार, दिसतंय.

६ मे, मंगळ. अमळनेर.

पोचले. भट्टी आहे नुसती. ओठ तडकले दुपारपर्यंत. उत्तम. मागच्या खोलीच्या खिडकीला दोरी बांधून ११२ ची पट्टी लटकवली, आकडा पेन्सिलनं. वहिनीनं विचारलं हे काय. म्हटलं कामाचं आहे, हात लावू नका. चार दिवस.

खाट घातलीय खोलीत, नवी चादर. वहिनीनं माठसुद्धा वेगळा ठेवलाय. इतका विचार केलाय तिनं की मला रडायला आलं आणि ते तिला वेगळ्याच कारणानं आलंय असं वाटलं. तिनं जवळ घेतलं. मी तिला तसंच वाटू दिलं.

९ मे, शुक्र. आखाजी.

घागर पुजली, पितरांना आमरस-पुरणपोळी. गल्लीत लिंबाला झोका. शेजारच्या लेकी आल्यात, कोणी नाशिकहून, कोणी सुरतेहूनच. त्या गातात, झोका घेतात, सासवांच्या नकला करतात. मला बसवलं एकदा. दोन झोके घेतले, उतरले. एकीनं विचारलं, ताई तुम्ही किती दिवस? मी म्हटलं, बघू.

पट्टीला हात लावलेला नाही. लांबून बघते. उन्हानं थोडी आत वळलीय. ते वाईट लक्षण.

आज जेवताना दादा म्हणाला, सोमवारी रंगारी येतोय. आकाशी की फिका पिवळा? मी म्हटलं, उद्या सांगते. आई जेवायची थांबून माझ्याकडे बघत होती. तिला ऐकू कमी येतं आता, पण हे आलं असावं.

१० मे, शनि.

दुपारी चार वाजता चार दिवस पुरे होणार होते. साडेतीनला खोलीत गेले तर दोरी रिकामी.

खिडकीखाली शोधलं, खाटेखाली, मागच्या अंगणात. वारा नव्हताच. मग पुढच्या खोलीत आले. आई पलंगावर बसलेली, मांडीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. दोरीवरचं काढून आणलंय म्हणाली, वाळलं होतं सगळं. भिंत धरत धरत मागपर्यंत गेली होती एकटी. घड्या चालल्या होत्या. टॉवेल, दादाचा बनियन, पोरांचे मोजे. आणि त्यांच्यावर एक चौकोन, सुपारीच्या पुडीएवढा. तीन घड्या घातलेल्या, आठ पदर, हातानं दाबून सपाट केलेला.

उचलायची हिंमत होईना. विचारलं, मोडली नाही?

"ती दिवाळीतली मोडली. ही ऐकते."

उलगडली मी. सगळ्या घड्यांवर पांढरट रेषा, पण एकही तडा नाही. पेन्सिलचा आकडा तसाच. पुन्हा दुमडली, पुन्हा उलगडली. ऐकते. मी खाली फरशीवरच बसले आणि मोठ्यानं रडले, पोरं अंगणातून बघायला आली. आईनं माझ्या हातातून पट्टी घेतली, पुन्हा तीन घड्या घातल्या, तिचा हात थरथरत होता म्हणून वेळ लागला. मग उशीखाली ठेवली.

"जाताना आठवणीनं मागून घे," म्हणाली.

जाताना. दादा तिथेच उभा होता, चहाचा कप हातात. त्यानं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. चहा तसाच ठेवून बाहेर गेला. दुखावलाय तो. त्याचं तरी काय चुकलं. आईला रात्री मोरीत धरून नेणारा तोच आहे, मी नाही.

शेठला अजून फोन केला नाही, आधी कुंडीचं कळू दे. केसरमायनं आज कुंडी उकरली असेल. संध्याकाळपासून फोनच्या खोलीत बसून आहे. दोनदा वाजला, दोन्ही वेळा वहिनीच्या शाळेचा होता. रंगाचं दादानं पुन्हा विचारलं नाही.